घोड्याच्या गाडीतली खोली: कॅरॅव्हॅन नको, आधी बिऱ्हाड बनवा

गेल्या आठवड्याच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी मला शिव्या घातल्या. 'सर, पोरं काहीतरी नवीन करायला निघाली की तुम्ही पाय ओढता' इथपासून 'तुम्हाला ट्रेंड कळत नाही' इथपर्यंत. व्हिडिओ बारा मिनिटांचा होता, त्यात सगळं मांडता आलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. वाचून झाल्यावर पुन्हा शिव्या घालायच्या असतील तर घाला, माझी हरकत नाही.

विषय असा. शिरोलीकडचा एक फॅब्रिकेशनवाला, आपल्या बॅचचाच पोरगा. ग्रिल, शेड, ट्रॉलीची कामं करतो, हाताखाली चार माणसं. त्याच्याकडं एक घोडेवाले गिऱ्हाईक आले. त्यांची जुनी चौदा फुटी गाडी आहे. मागं दोन घोडे उभे राहतात आणि केबिनच्या पाठीला लागून पाचेक फुटांची बंद जागा आहे. तिथं खोगीर, लगाम, चंदीची पोती, झूल ठेवायची आणि शर्यत किंवा मिरवणूक असली की कपडे बदलायचे. मालक म्हणाले, 'ह्या जागेत दोन माणसांना चार-पाच रात्री झोपता येईल अशी खोली करून दे.'

पोरगा खूश. त्यानं लगेच मला फोन लावला, पण त्या कामाबद्दल विचारायला नाही. विचारायचं होतं कर्जाबद्दल. 'सर, हे काम सॅम्पल म्हणून करतो. पुढं बारा लाख काढतो, एक जुनी गाडी घेतो आणि टकाटक कॅरॅव्हॅन बनवतो. भाड्यानं फिरवायची, ती बघून ऑर्डरी येतील.'

मी म्हटलं, घोड्याचं काम जीव ओतून कर. बारा लाखाची फाइल मात्र बँकेतून परत घेऊन ये.

आता कारण सांगतो.

महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनंही आणलं. त्या वेळी पेपरात फोटो आले, रील आली, आणि आपल्याकडच्या प्रत्येक बॉडीवाल्याच्या डोक्यात किडा शिरला. धोरण वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्या कोल्हापूरला माणूस कशाला येतो बघा. अंबाबाईचं दर्शन, जोतिबा, पन्हाळा, तांबडा-पांढरा, चप्पल, आणि संध्याकाळी परत. राहिलाच तर लॉजवर एक रात्र. त्याला गाडीत झोपायची गरजच नाही. महाद्वार रोडला कॅरॅव्हॅन घेऊन जायची कल्पना करा, हसू येतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस पडतो, त्यात गगनबावड्याच्या बाजूला गाडी लावून कोण आठ दिवस राहणार आहे?

हिशेब कागदावर मांडा. बारा लाख, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो 26,000 च्या थोडा वर. वर्षाला सव्वातीन लाखाला थोडे कमी. समजा गाडी दिवसाला 6,000 भाड्यानं गेली आणि ड्रायव्हर, धुणं-पुसणं, दुरुस्ती, विमा यात अर्धे गेले. उरले 3,000. म्हणजे फक्त हप्ता फेडायला वर्षात 104-105 दिवस गाडी भाड्यानं जायला पाहिजे. पावसाळा वजा करा, परीक्षांचे महिने वजा करा. सुट्टीचे दिवस मोजा. आणि एवढं करून तुमच्या घरात एक रुपया आलेला नाही, हे विसरू नका.

आता दुसरी बाजू बघा, आणि इथंच माझं खरं म्हणणं आहे. गाडीत किंवा गाडीपाशी झोपणारी माणसं आपल्याकडं आधीपासून आहेत. ती हौसेनं झोपत नाहीत, धंद्यासाठी झोपतात. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. कोल्हापुरातनं जायचं म्हणजे सहाशे किलोमीटरच्या वर. अकलूजला घोडेबाजार आहे, नांदेडकडं माळेगावला खंडोबाच्या यात्रेत आहे. घोडेवाला आणि मोतद्दार तिथं चार-आठ दिवस काढतात. कुठं? गाडीखाली, नाहीतर हौद्यात कडबा टाकून. डिसेंबरची थंडी तापीकाठी काय असते ते तिथं राहिलेल्या माणसाला विचारा.

बोअरवेलच्या गाड्या बघा. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडची पाटी असलेली गाडी आपल्या गावात येते. पोरं महिनोन्महिने घराबाहेर, झोपायला सोबतच्या ट्रकवर पाइपांच्या शेजारी. ऊस तोडायची हार्वेस्टर मशिनं आली, तशी तिच्याबरोबर ऑपरेटर आणि हेल्परची टोळी आली. मशीन रात्री ज्या फडात थांबेल तिथं ह्यांचं पाल. तमाशाचे फड आहेत, ज्यांचं अर्धं वर्ष ट्रकमध्ये जातं आणि बायकांना कपडे बदलायला धड आडोसा मिळत नाही. शूटिंगवाल्यांना व्हॅनिटी व्हॅन मिळते, तमाशातल्या कलावंतिणीला कापडी कनात. हा फरक मला नेहमी टोचतो, पण तो विषय परत कधीतरी.

आणि आपला धनगर. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेलात तर समजेल हा समाज केवढा आहे. मेंढरं घेऊन निघालं की सगळं घर घोड्यावर. भांडी, घोंगडी, पालाचं कापड, वर बांधलेली कोंबडी, चालता न येणारं कोकरू, कधी लहान पोरगंसुद्धा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो आपण, ह्यांचं घोड्याच्या पाठीवर. आता काही जण घोड्याऐवजी पिकअप वापरायला लागलेत. ही माणसं 'कॅरॅव्हॅन' शब्द कधी वापरणार नाहीत. पण चाकावरचं घर म्हणजे काय, हे आपल्या कुठल्याही इंटिरियरवाल्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. काय लागतं आणि काय अजिबात लागत नाही, दोन्ही.

म्हणून मी त्या पोराला म्हटलं, तुझ्याकडं घोडेवाला चालून आलाय, तोच तुझा बाजार आहे.

आता कामाकडं येऊ. व्हिडिओत हा भाग सगळ्यात घाईत झाला, आणि चुकलं तर माणूस मरेल असा भाग हाच आहे.

पहिलं काम फ्लोअर. घोड्याच्या गाडीत वर्षानुवर्षं मूत मुरलेलं असतं. मागच्या हौद्यातनं ते पुढच्या खोलीखालीही सरकतं. वरून छान व्हिनाइल चिकटवलं की फोटो झकास येतो. पण खालच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि त्याखालचे आडवे चॅनेल गंजून पापुद्रे सुटलेले असतात. फळ्या उचलल्याशिवाय कोटेशन द्यायचंच नाही. गिऱ्हाईक म्हणेल, 'वरनं चांगलंय की.' तरी उचलायच्या.

दुसरं, मधली भिंत. घोडे आणि माणसं यांच्या मध्ये जी पत्र्याची भिंत असते, तिच्या वर हमखास फट ठेवलेली असते, हवा खेळावी म्हणून. खोगीर ठेवायला ते ठीक होतं. झोपायला नाही. मुतापासून जो अमोनिया तयार होतो तो हवेपेक्षा हलका, वर चढतो आणि त्याच फटीतनं खोलीत येतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, सकाळी डोकं जड. मालक म्हणेल, 'आम्हाला सवय आहे.' सवय नाकाला होते, फुप्फुसाला होत नाही. भिंत छतापर्यंत बंद करा, सांध्याला सीलंट भरा. खोलीला हवा पाहिजे ती बाजूच्या पत्र्यातनं, एक खिडकी ह्या बाजूला, एक त्या बाजूला. घोड्यांच्या भागाला त्यांची वेगळी हवा ठेवा, त्यांचीही फुप्फुसंच आहेत.

फक्त एक गोष्ट त्या भिंतीत हवी. वीतभर झरोका, पॉलिकार्बोनेटचा, काच नको. रात्री घोडा बसला, अडकला, पोटात दुखून लोळायला लागला तर मालकाला पडल्या जागेवरनं दिसलं पाहिजे. हे मला त्या घोडेवाल्यांनीच सांगितलं. आपण सोफा आणि एलईडीची पट्टी यांचा विचार करत बसलो होतो, त्यांना झरोका पाहिजे होता. गिऱ्हाइकाला विचारायचं असतं ते यासाठी.

तिसरा गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. बंद खोलीत, शेजारी कडब्याच्या पेंढ्या, आणि कोणीतरी चहासाठी काडी ओढतो. मी तर म्हणतो शेगडी आत नकोच. गाडीच्या बाजूला बाहेरून उघडणारी पेटी करा, पाच किलोची टाकी त्यात, पेटीच्या तळाला भोकं, आणि खोलीकडची बाजू पूर्ण बंद. झाकण खाली पाडलं की तोच ओटा. स्वयंपाक उघड्यावर. थंडीत शेगडी किंवा कोळसा आत घेऊन झोपायचा प्रकार तर सक्त बंद. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. खोलीत एक बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याचे पैसे बिलात दाखवा.

चौथा, दरवाजा. तो बाजूला पाहिजे, थेट जमिनीवर उतरणारा, आतून-बाहेरून दोन्हीकडनं उघडणारा. घोड्यांमधनं जायची वाट हा रस्ता नव्हे. आणि समोरासमोरच्या दोनपैकी एक खिडकी एवढी मोठी, की दरवाजा अडकला तर मोठा माणूस बाहेर पडेल.

बाकीचं सोपं आहे. आतली रुंदी साडेसहा फूट असेल तर आडवा झोपायला पुरते. खाली एक बाक, त्याच्या पोटात सामान, वर दुमडणारी एक बर्थ. छताला पन्नास मिलिमीटरचा पफ पॅनेल लावा, एप्रिलमध्ये पत्र्याखाली माणूस भाजतो. 18 मिलिमीटरचा प्लाय सगळीकडं ठोकायची सवय सोडा. आठ बाय चारचा एक शीट तीस किलोच्या आसपास जातो, असे सहा झाले की एक मोठं खोंड झालं. पाणी चाळीस लिटर बास, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. संडासाच्या भानगडीत पडू नका, ती टाकी रिकामी कुठं करणार हे आधी सांगा.

विजेचा हिशेब पोरं फार मोठा करतात. 20 वॅटचा एक फॅन आठ तास म्हणजे 160. दहा वॅटचे दिवे चार तास, 40. तीन मोबाइल, 45-50. रात्रीला अडीचशे वॅट-अवर. 12 व्होल्ट 100 अँपिअर-अवरची साधी बॅटरी अर्धीच वापरायची म्हटली तरी सहाशे देते, दोन रात्री निघतात. वर शंभर वॅटचा एक सोलर पॅनेल, उन्हाच्या दिवसात भागतं. इन्व्हर्टर, एसी, टीव्ही काढून टाका. प्रत्येक वायरला फ्यूज मात्र पाहिजेच, कारण कडबा.

आता आरटीओ. इथं 'कोण बघतंय' चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, कंपनीनं जे दाखवलंय आणि आरसी बुकात जे लिहिलंय, त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं 182 अ आलं. परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. बारा लाखाची कॅरॅव्हॅन बनवून विकायची म्हणजे त्याच्या पुढची पायरी. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे, त्याप्रमाणं पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मंजुरी लागते. ग्रिलच्या दुकानातनं थेट तिथं उडी मारायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारा. असेल तर जरूर मारा.

घोड्याच्या गाडीचं आणखी एक. जनावरं नेणाऱ्या गाडीला केंद्रीय नियम 125-ई लागू आहे, घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा द्यावी लागते. म्हणजे एकाला साधारण 24 चौरस फूट, दोघांना 48. ह्या गाडीचा हौदा चौदा बाय साडेसहा, 91 चौरस फूट. खोलीचे साडेबत्तीस वजा केले तर मागं साडेअठ्ठावन्न राहतात. बसतं. पण गिऱ्हाईक म्हणालं 'खोली अजून तीन फूट वाढव' की मागं 39 उरतात, आणि तुम्ही नियमाबाहेर गेलात. घोडाही अडचणीत. त्यामुळं माझा सल्ला असा: असलेली भिंत हलवू नका, चासीला वेल्डिंग करू नका, लांबी-रुंदी-उंची बदलू नका. आतलं सगळं सामान नटबोल्टवर बसवा, दोन तासांत काढता येईल असं. खिडकी-दरवाजा कापण्याआधी स्केच घेऊन आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा. उत्तर नाही आलं तर हो आलं, असं समजायचं नाही. आणि चालत्या गाडीत त्या खोलीत कोणीही बसायचं नाही. मालवाहू गाडी आहे ती. दरवाजावर पाटी लावा, बिलावर वाक्य छापा.

पैशाचं बोलू. पोरानं तोंडी 85,000 सांगून टाकले होते. कसे काढले विचारलं तर 'किलोवर'. हा आपल्या कोल्हापूरच्या फॅब्रिकेशनचा जुना रोग. शेडला किलोचा रेट चालतो. इथं तुमचं कौशल्य वजन कमी करण्यात आहे. जेवढं काम चांगलं तेवढे किलो कमी, म्हणजे तेवढे पैसे कमी? उलट गंगा. कामावर रेट लावा. त्याच्या वहीतच मांडलं: माल 70,000. दोन माणसं बारा दिवस, 900 हजेरी, 21,600. जागा, लाइट, स्वतःचा वेळ 15,000. झाले 1,06,600. परत खोलून करावं लागेल त्यासाठी दहा टक्के, 10,660. त्यावर वीस टक्के नफा. आकडा येतो 1,40,712. गाडी गिऱ्हाइकाची, आपण फक्त बांधणी करतो, तेव्हा ती सेवा धरून 18 टक्के जीएसटी. स्वतः गाडी घेऊन तयार करून विकली तर कराचा हिशेब वेगळा होतो. 2018 च्या परिपत्रकात हा फरक स्पष्ट केलाय, आपल्या सीएला दाखवा.

85 वर काम केलं असतं तर मालाचे आणि मजुरीचेच पैसे निघाले नसते. पोरगा दोन मिनिटं गप्प बसला.

एका दादांची कमेंट होती, 'गरिबाला विकून कोण श्रीमंत झालंय?' प्रश्न बरोबर आहे, मी टाळत नाही. धनगराला किंवा बोअरच्या गाडीवरच्या पोराला दीड लाखाची खोली परवडणार नाही. बोअरची गाडी, हार्वेस्टर, तमाशाचा फड यांना मालक आहे, त्याच्याशी बोला. चांगला ऑपरेटर टिकवायचा असेल तर त्याला झोपायला जागा पाहिजे, हे हार्वेस्टरवाल्याला पटतं, कारण सीझनच्या मध्यात ऑपरेटर पळाला की काय होतं ते त्यानं बघितलेलं असतं. धनगरासाठी पिकअपच्या हौद्यावर उघडणारा सांगाडा, ताडपत्री आणि दोन फळ्या, पंचवीस हजारात बसवता येतो का बघा. नफा थोडा राहील. ऊसतोड मजुराच्या कोपीला मात्र मी बाजार म्हणणार नाही. बीडकडनं येऊन आपल्या कारखान्यांसाठी चार-पाच महिने राबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर देणं ही ज्यांच्यासाठी तो राबतो त्यांची जबाबदारी आहे. त्यांनी ऑर्डर दिली तर घ्या, मजुराच्या उचलीतनं कापून घ्यायची असेल तर घेऊ नका.

शूटिंगवाल्यांसाठी छोटी मेकअपची व्हॅन, हे काम मला कॅरॅव्हॅनपेक्षा बरं वाटतं. चित्रनगरी इथंच आहे, मालिका चालू असतात, गाडी महिनाभर एका जागी उभी राहते आणि भाडं ठरलेलं असतं. पण तेही गिऱ्हाईक हातात आल्यावर. आधी गाडी आणि मग गिऱ्हाईक, असं नको.

तर सध्या काय चाललंय? फळ्या उचलल्या. खालचे दोन आडवे चॅनेल अर्धे खाल्लेले निघाले. मालक आधी चिडले, मग खाली वाकून स्वतः बघितलं आणि म्हणाले, 'बदल बाबा, ह्याच्यावर माझी घोडी उभी असते.' नवीन कोटेशन मान्य झालं, चॅनेलचे पैसे वेगळे. आरटीओत अर्ज दिलाय, उत्तर यायचंय, तोवर पत्र्याला कटर लागणार नाही. बँकेची फाइल घरी आणलीय, फाडलेली नाही. तेही ठीक.

गाडी दत्तजयंतीच्या आधी द्यायचीय. मी पोराला एकच अट घातलीय. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मागं दोन्ही घोडे उभे करायचे, खिडक्या असतील तशा ठेवायच्या आणि त्या खोलीत त्यानं स्वतः झोपायचं. सकाळी उठून काय काय बदललं, त्याचा व्हिडिओ करू.